एमबीबीएस प्रवेश-अर्जात ओबीसीऐवजी ‘खुला’ प्रवर्ग: दुरुस्ती कशी झाली (माझा अनुभव)

मुलीच्या एमबीबीएस प्रवेश-अर्जात चुकून ‘खुला’ प्रवर्ग नोंदला गेला आणि तात्पुरत्या गुणवत्ता यादीत ती ओबीसीत दिसेना. दूरध्वनी, ईमेल, समक्ष भेट, सर्वत्र ‘मुदत संपली’ एवढेच उत्तर मिळाले. त्या आठवड्यात घरात कोणी धड जेवले नाही.

प्रथम लेखी अर्ज देऊन आवक क्रमांकासह पोच घेतली आणि नकारही लेखी मागितला, कारण तोंडी नकाराला आव्हान देणे अवघड जाते. त्यानंतर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर ही तिन्ही अंतिम तारखेपूर्वीची असल्याचा तक्ता वकिलांनी तयार केला. तो जोडून, पहिल्या फेरीचे जागावाटप होण्याआधीच, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली आणि अंतरिम दिलासा मागितला. मुख्य आधार होता ओडिशातील वैद्यकीय प्रवेशाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 मधील निकालाचा: पात्रता ठरलेल्या तारखेला असावीच लागते, तिच्या पुराव्याबाबतचा नियम मात्र परिस्थितीनुसार शिथिल होऊ शकतो. (प्रमाणपत्रच नंतरचे असते, तर आमची बाजू लंगडी पडली असती.) आदेशाची प्रत मिळाली त्याच दिवशी कार्यालयात सादर केली, सुधारित यादीत प्रवर्ग बदललेला होता.