पहिली जपानी वाक्यं: उच्चार मराठी अक्षरांतच बसवा

जपानी वाक्यं वहीत रोमन लिपीत उतरवू नका, देवनागरीत लिहा. निम्मं काम तिथेच होतं. ट-ड विसरा, त-द धरा. टोकियो नव्हे, तोओक्योओ. बोटांवर मोजा: तो-ओ-क्यो-ओ, चार मात्रा, चारही सारख्या लांबीच्या. कोन्निचिवा (नमस्कार, दिवसा) पाच मात्रांचा, कारण 'न्'लाही स्वतःची मात्रा असते.

सगळ्यात जास्त वेळ या लांबीवर घालवा. ओबासान् म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान् म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईंना हाक मारताना एक मात्रा जास्त झाली तर त्यांचा चेहरा बघा! जोडाक्षरही गिळू नका: किते म्हणजे 'ये', कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट.

च दोन आहेत, आणि दोन्ही आपल्याकडे आहेत. 'चि'चा उच्चार चित्रातला, पण त्सुनामीतला 'त्सु' म्हणजे पानाला लावतो त्या चुन्यातला चु. 'गोझाइमास्'मधला झ जाडातल्या ज सारखा. फुजी म्हणताना मात्र ओठ ओठाला टेकवू नका, नुसती फुंकर सोडा.

देसु, मासु असं लिहिलेलं दिसलं तरी शेवटचा उ जवळजवळ ऐकू येत नाही: देस्, मास्.

आता वाक्यं. सकाळी ओहायोओ गोझाइमास्, संध्याकाळी कोंबान्वा, आभाराला आरिगातोओ गोझाइमास्. एकच शब्द पाठ करायचा असेल तर सुमिमासेन् करा. वेटरला बोलवायला, गर्दीतून वाट काढायला, धक्का लागला तर माफी मागायला, कुणी तसदी घेतली तर आभारालाही तोच चालतो.

ओळख करून देताना: हाजिमेमाश्ते (पहिलीच भेट आपली), कुलकर्णी देस् (मी कुलकर्णी). योरोशिकु ओनेगाइशिमास् (लोभ असावा). दुसऱ्याच्या नावाला 'सान्' लावा, स्वतःच्या कधीच नाही. आपण स्वतःला 'कुलकर्णीसाहेब' म्हणवत नाही, तसंच.

दुकानात वस्तूकडे हात करून 'कोरे ओ कुदासाइ' (हे द्या), किंमत विचारायला 'इकुरा देस्का', आणि प्रवासात हमखास लागणारं 'तोइरे वा दोको देस्का', म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे. जेवणाआधी इतादाकिमास्, जेवून उठताना गोचिसोओसामा देश्ता. छोट्या खानावळीत हे ऐकून मालक खूश होतात.

उच्चार चांगला जमला की समोरचा भराभर बोलू लागतो. तेव्हासाठी 'मोओ इचिदो ओनेगाइशिमास्' (पुन्हा एकदा सांगा) तयार ठेवा. तरीही कळलं नाही तर 'युक्कुरि', म्हणजे सावकाश.