मस्कतच्या समुद्रात पॉपरवर टूना: या चुका टाळा

शुक्रवारी पहाटे मस्कतहून फायबरच्या लहान बोटी बाहेर पडतात. त्यातल्या बऱ्याच टूना बघून येतात, घेऊन येत नाहीत. मासा समोर उड्या मारत होता, हात दुखेपर्यंत पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायची, खोलगट तोंडाची आमिषं) फेकले, एकदोनदा धडकही बसली, आणि शेवटी पेटीत फक्त बर्फ. मग संध्याकाळी चर्चा सुरू होते ती पॉपरच्या रंगाची. निळा की गुलाबी? इथल्या आपल्या मराठी मंडळींतही हा वाद रंगतो आणि पुढच्या पगाराला आणखी दोन पॉपर घरात येतात. माझ्या मते रंगावर फार थोडं अवलंबून असतं. यलोफिन, म्हणजे पिवळ्या पराचा टूना, हातचा जातो तो आधी सुकाणूवर, मग गाठीत आणि रिंगेत, आणि उरलासुरला बोटीखालच्या शेवटच्या वीस मीटर पाण्यात.

तसा हा किनारा नशीबवान. मुंबईसमोर समुद्रबूड जमिनीची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, कड गाठायची तर दोनशे किलोमीटरच्याही पुढे जावं लागतं. मस्कतसमोर ही जमीन इतकी अरुंद आहे की पंचवीस फुटी बोट थोड्याच वेळात खोल, निळ्या पाण्यावर पोचते. त्यामुळे मासा सापडत नाही ही तक्रार इथे कमी. सापडलेला टिकत नाही ही जास्त.

बोट पोचते आणि मासा बुडतो

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

लांबवर पक्षी दिसतात, खाली पांढरं पाणी उडताना दिसतं, आणि सुकाणूवरचा माणूस थ्रॉटल पुढे ढकलून सरळ मध्यात घुसतो. वरातीच्या मधून स्कूटर घातल्यावर जे होईल तेच होतं. आमिषमासळी फुटते, टूना खाली जातो, आणि इंजिन बंद करून सगळे पॉपर हातात घेऊन उभे राहतात तेव्हा समोर फक्त आपल्याच बोटीची लाट हेलकावत असते.

दोन-तीनशे मीटरवरच वेग कमी करा आणि मिनिटभर नुसतं बघा. पक्षी कुठल्या दिशेने सरकतायत? उंचावर घिरट्या घालणारे सुरय अजून शोधतच असतात. पाण्याला चिकटून सूर मारणारे असतील तर मासळी वर आलेली आहे. पाण्यावर शांत बसलेले पक्षी दिसले तर बहुतेक जण निघून जातात, पण मी थांबतो. मासा पुष्कळदा तिथेच खाली असतो. दिशा कळली की मोठा वळसा घालून झुंडीच्या पुढे, वाऱ्याच्या बाजूला या आणि पन्नास-साठ मीटर अंतर ठेवून तिला तुमच्याकडे येऊ द्या. वारा पाठीशी असला की पॉपर आपोआप दहा मीटर जास्त जातो. वर तो ओढताना लाटेच्या विरुद्ध येतो, त्यामुळे त्याचं तोंड पाण्यात नीट रुततं.

इंजिनाबद्दल मतभेद आहेत. मला वाटतं, आवाजापेक्षा आवाजातला अचानक बदल मासा जास्त ओळखतो. वेगात येऊन खाडकन बंद करणं किंवा रिव्हर्स मारणं सगळ्यात वाईट. आधीच सावकाश या, न्यूट्रलला टाका आणि बोट वाहू द्या.

ओमानच्या समुद्रात डॉल्फिनच्या कळपाखाली यलोफिन फिरतो, आणि इथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या डॉल्फिन बघून टूना शोधत आले आहेत. पण डॉल्फिनमध्ये पॉपर टाकू नका. लांब चोचीचे स्पिनर डॉल्फिन गिरक्या घेत उड्या मारतात, आणि त्यांच्यात गळ लावलेली लाकडाची कांडी फेकणं म्हणजे जनावराला जखम आणि आपल्या लाइनचं वाटोळं. कळपाच्या वाटेवर, बऱ्याच पुढे बोट ठेवा आणि पॉपर पहिल्या डॉल्फिनच्याही पुढे टाका. कळप बोटीवरून निघून गेला तर त्याच्या मागे लगेच इंजिन चालू करू नका. टूना कधी कधी कळपाच्या शेपटाला असतो.

धडक देतो, पण लागत नाही

आधी समोरचा मासा यलोफिनच आहे ना ते पाहा. गेदर आणि लांब शेपटाचा लाँगटेल टूनाही इथे झुंडीने वर येतो. बोटभर मासळीवर तो तुटून पडला की पाणी बारीक बारीक फसफसतं, पण अख्खा मासा क्वचित दिसतो. त्याच्यापुढे शंभर ग्रॅमचा पॉपर आपटलात तर तो ढुंकूनही बघणार नाही. तिथे लहान, बुडणारं धातूचं आमिष लावा. मोठा यलोफिन पूर्ण अंगाने पाण्याबाहेर येतो, आणि पाखरू मासे त्याच्यापुढे उधळताना दिसले तर पॉपरसाठी याहून चांगली वेळ नाही.

पॉपर साधारण साठ ते शंभर ग्रॅमचा पुरतो. अंदमानात जीटीवर (जायंट ट्रेव्हली माशावर) हात बसलेली माणसं सोबत बादलीएवढ्या तोंडाचे पॉपर आणतात आणि एक मोठा ‘भॉक’ काढून दोन-तीन सेकंद थांबतात. स्वच्छ, खोल पाण्यात यलोफिनची नजर फार तीक्ष्ण असते; एवढा वेळ मिळाला की तो ते लाकूड नीट बघून परत फिरतो. इथे छोटे, लागोपाठ झटके हवेत. रॉडचं टोक खाली, ओढ बाजूला. पॉपर लाटेच्या माथ्यावर असताना ओढलात तर तो हवेत उडून उलटापालटा येतो. घळीत उतरू द्या, मग ओढा. समुद्र अगदी काचेसारखा असेल त्या दिवशी पॉपरचा नाद सोडून सरळ स्टिकबेट, म्हणजे खोलगट तोंड नसलेलं लांबट आमिष, लावावं.

आता खरी गोम. पॉपरच्या मागे पाण्याचा एक फुगवटा उठतो आणि वेगाने जवळ येतो. माणूस श्वास रोखतो. पाणी फुटतं, पॉपर दिसेनासा होतो आणि त्याच क्षणी तो जीव खाऊन रॉड मागे खेचतो. मासा चुकलेला असतो, त्याने फक्त शेपटी किंवा डोकं मारलेलं असतं. तो परत वळून येतो तेव्हा पॉपर तिथे नसतो. तीन गळांसकट कुणाच्या तरी चेहऱ्याकडे येत असतो. डोळ्यांनी नाही, हातांनी ठरवा. रॉडवर वजन आलं तरच दोन वेढे गुंडाळून लाइन ताठ करा आणि मग बाजूला खेचा. वजन आलं नाही तर पॉपर आहे तिथेच बारीक हलवत ठेवा. दुसरी धडक बऱ्याचदा पहिलीपेक्षा जोरात येते.

लागला आणि लगेच सुटला

विकतच्या पॉपरवर आलेले गळ आणि रिंगा यांच्यावर विश्वास ठेवू नका. परत आलेला पॉपर उन्हात धरून स्प्लिट रिंग (गळ अडकवायची दुहेरी वेढ्याची कडी) नखाने फिरवून बघा. चांगल्या रिंगेचे दोन वेढे एकमेकांना चिकटून असतात. ताण खाल्लेल्या रिंगेत केसाएवढी फट दिसते. तिच्यातून पुढचा मासा जाणार हे ठरलेलं. गळाच्या टोकाचंही तसंच. नखावर हलकं टेकवलं आणि घसरलं तर तो बोथट आहे, बदला. तीन आकड्यांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावला तर लागण्याचं प्रमाण थोडं कमी होतं, असं बऱ्याच जणांचं मत आहे. माझंही तेच. तरी लहान बोटीवर मी एकेरीच लावायला सांगेन, कारण बोटीत उडणाऱ्या माशाच्या तोंडातला तीन आकड्यांचा गळ कुणाच्या पायात घुसेल सांगता येत नाही.

ड्रॅग, म्हणजे लाइन बाहेर जाताना रिळाने धरायचा ताण, हाताच्या अंदाजाने लावणं ही दुसरी चूक. लाइन रॉडच्या कड्यांतून ओवून रॉड तिरका धरा आणि कुणाला तरी तानकाट्याने ओढायला सांगा. पीई ६ जाडीच्या लाइनला सुरुवातीला आठ किलो पुरे.

लाइन तुटली

पहिल्या धावेत यलोफिन दीड-दोनशे मीटर सहज नेतो. रीळ रिकामं होताना बघून घाबरलेला माणूस ड्रॅग आवळतो आणि तिथेच लाइन तुटते. रिळावरच्या लाइनच्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट होतो, त्यात पाण्यातल्या एवढ्या लांब लाइनची ओढ आणखी. म्हणून लाइन जात असताना ड्रॅगला हात लावू नका, लावलाच तर थोडा सैल करा. फारच लाइन गेली तर बोट माशाच्या मागे न्या.

बाकी तुटण्याची कारणं साधी असतात. फेकल्यावर बेलची (रिळावर लाइन गुंडाळणारी) तार हँडल फिरवून नाही, हाताने बंद करा आणि पहिला झटका द्यायच्या आधी रिळावर सैल वेढा राहिला नाही ना ते बघा. त्या एका वेढ्यातून पुढच्या फेकीला अख्खा गुंता बाहेर येतो. ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि लीडर (तिच्या टोकाचा जाड तुकडा) यांना जोडणारी एफजी गाठ घरी, शांतपणे बांधा आणि पूर्ण जोर लावून ओढून बघा. हलत्या बोटीत घाईने बांधलेली एफजी घसरते. लीडर आधीच बांधलेले, पॉपर लावून तयार असे दोन-तीन रॉड सोबत असावेत.

बोटीखालचं चक्र

धावा संपल्या की यलोफिन बोटीखाली गोल गोल फिरू लागतो. इथून पुढे तास तास जातो आणि इथेच रॉड मोडतात.

माशाचं प्रत्येक चक्कर दोन भागांचं असतं. एका अर्ध्या भागात तो तुमच्यापासून दूर आणि खाली जातो, दुसऱ्यात तुमच्याकडे वळतो. रॉडचं टोक बघत राहिलात तर हे दिसतं: टोक खाली दबतं, थोडा वेळ स्थिर राहतं, मग नकळत वर येतं. दबलेलं असताना काहीही करू नका, फक्त धरून ठेवा. वर येऊ लागलं की भराभर दोन-तीन वेढे. एका चक्करला मीटर-दीड मीटर मिळाला तरी पुरे. लोक बरोबर उलटं करतात. मासा ओढत असताना जीव काढून उचलतात आणि तो वळतो तेव्हा दम खात बसतात.

उचलताना रॉड उभा, खांद्याच्या मागे नेऊ नका. ताण टोकाच्या नाजूक भागावर येतो आणि रॉड कटकन तुटतो. छोटे पंप करा, रॉड कमरेपासून छातीपर्यंत.

आणि पुन्हा सुकाणू. लाइन सरळ खाली गेली की माशाला चक्कर मारायला सोपं आणि माणसाला उचलायला अवघड. बोट अगदी सावकाश पुढे घ्या, लाइन तिरकी होऊ द्या. कोन बदलला की माशाचं डोकं फिरतं आणि तो चक्र मोडून वर येऊ लागतो. हे करताना लाइन कुठल्या बाजूला आहे ते दर क्षणी मोठ्याने सांगणारा एक माणूस हवा, नाहीतर ती थेट पंख्यात जाते.

जागा कमी, गळ जास्त

लहान बोटीवर एका वेळी दोघांनीच फेकावं, एक नाळेवर (पुढच्या टोकाला) आणि एक वऱ्यावर (मागच्या टोकाला). फेकण्याआधी मागे बघून ‘फेकतोय’ म्हणावं. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्या, फेकणाऱ्याच्याच नाही. मासा आला की चौघेही एका बाजूला धावतात, बोट कलते. आकडी (मासा वर घ्यायचा दांड्याचा हुक) मारणारा आणि रॉड धरणारा सोडून बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला थांबावं. आकडी डोक्यात मारा, अंगात नाही. सुकाणूवरच्याच्या मनगटाला इंजिन बंद पाडणाऱ्या किल-स्विचची दोरी असलीच पाहिजे.

लहान मासा सोडायचा असेल तर पाण्यात धरून कुरवाळत बसू नका. पोहत राहिलं तरच टूनाच्या कल्ल्यांतून पाणी जातं. डोकं खाली करून जोराने पाण्यात सोडा, म्हणजे तो वेगासकट निघतो. यलोफिन साधारण मीटरभर लांबीच्या आसपास वयात येतो. त्याहून लहान मासा ठेवायची मला तरी गरज वाटत नाही.

मांस फिकट का पडलं?

टूनाचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं. तासभर झुंजल्यावर ते आणखी तापतं, स्नायूंत आम्ल साठतं आणि मांस फिकट, मऊ, आंबूस होतं. म्हणून मासा आत आला की फोटोच्या आधी बर्फ. छातीच्या पराच्या थोडं मागे दोन्ही बाजूंना उथळ चीर द्या, कल्ले कापा, रक्त वाहू द्या, पोट साफ करा आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेल्या लगद्यात पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा वरून गार आणि आतून कोमट राहतो. मस्कतच्या जूनमध्ये चाळीस अंशांत एक लहान कूलर घेऊन निघणं ही चूकच. बर्फ माशाच्या वजनाएवढा तरी न्या.

हे फक्त चवीसाठी नाही. उन्हात पडलेल्या टूनात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून, उकळून, तिरफळं घालून कढवूनही जात नाही. मासा वासाला ठीक असू शकतो. म्हणून उन्हात राहिलेला मासा चाखून बघू नका, शेजारीही वाटू नका. खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली तर सगळा टाकून द्या, पण ती लागली नाही म्हणून मासा चांगला असं समजू नका. खाऊन झाल्यावर चेहरा लाल होऊन डोकं दुखू लागलं, अंगावर पित्त उठलं, तर डॉक्टरांना आधी टूना खाल्ल्याचं सांगा.