सौरपंप घेताय? एचपीआधी हेड काढा

रात्रीची दारं धरणं सुटावं म्हणून सौरपंप बसवला, पण पाणी फक्त भर दुपारीच येतं. अशा वेळी दोष पॅनलला दिला जातो. बहुतेकदा चुकलेलं असतं ते हेड, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर उंच ढकलावं लागतं तो आकडा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपी मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. एचपी सातबाऱ्यावरून ठरतो, हेड मात्र विहीर बघूनच काढावं लागतं.

हिशोब मे महिन्यातल्या पाण्यावर करा, दिवाळीतल्या नव्हे. समजा मोटर चालू असताना पाणी १८ मीटरवर उतरतं, शेताचं वरचं टोक ४ मीटर चढावर आहे आणि पाइपातलं घर्षण ३ मीटर धरलं. झाले २५. ठिबकला एक किलो दाब हवा, म्हणजे आणखी १० मीटर. एकूण ३५. इथे ३० मीटरचा पंप तोकडा, ५० चाच मागा. कोवळ्या उन्हात मोटरचे फेरे कमी पडतात, आणि फेरे २० टक्के घटले की दाब ३६ टक्क्यांनी पडतो. म्हणून सकाळी मोटर गुणगुणते, पाणी वर येत नाही. उलट उथळ विहिरीत ७० मीटरचा पंप सोडलात, तर तेवढ्याच पॅनलवर पाणी कमी मिळेल.

पॅनलचं तोंड दक्षिणेला. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी सांगाड्यापासून लांब धरून बघा, जवळ ते हमखास फसवतं. दक्षिणेला लागून ऊस लावू नका. पॅनल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर पडलेली सावली सगळ्या माळेला भोवते. काळ्या रानात पायाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर भेगा पडल्या की सांगाडा कलतो. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा. ठेकेदाराला घाई असते, तुम्हाला नसावी.

पॅनल सकाळी थंड असतानाच धुवा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लगेच पुसून घ्या.

दिवसभर फुकट पाणी मिळालं की विहीर लवकर तळ गाठते. कोरडी मोटर बंद पाडणारं संरक्षण कंट्रोलरमध्ये चालू आहे ना, हे बसवणाऱ्यासमोरच तपासा. पॅनल, मोटर आणि कंट्रोलरचे क्रमांकही त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. पाच वर्षांच्या देखभालीची किंवा विम्याची तक्रार करताना तेच विचारतात.