छोटं .३२ पिस्तूल विकत घेण्याआधी कसं पारखावं

गिरगावातले आमचे एक काका सोन्याच्या धंद्यात आहेत. बऱ्याच खटपटीनंतर शस्त्राचं लायसन्स हाती आलं, त्याच दिवशी त्यांचा फोन आला. "तू रेंजवर जातोस ना? चल बरोबर. मला वॉल्थर पीपीकेच घ्यायचं आहे." फोर्टातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे या जर्मन कंपनीचं तसं एक पिस्तूल होतं. मूळ मालक वारल्यावर घरच्यांनी ते तिथे जमा केलं होतं. वरून ते असं चकाकत होतं की काकांनी तिथेच चेकबुक काढलं. मी म्हटलं, आधी मुठीवरचं आवरण काढून बघू. दुकानदाराने स्क्रू सोडवला आणि आत फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यावर, गंजाचे खोल खड्डे दिसले. दादरच्या घरात ते कित्येक पावसाळे कातडी होल्स्टरमध्येच पडून होतं. काकांनी चेकबुक परत खिशात ठेवलं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी पिस्तूल घ्यायला निघालं की मी पुढची तपासणी त्याच क्रमाने करायला सांगतो.

आधी लायसन्स वाचा

इंटरनेटवर छोट्या पिस्तुलांची जी परीक्षणं दिसतात, त्यातली बहुतेक ९ मिमीच्या अमेरिकी बाजारातल्या पिस्तुलांची असतात. आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोर (नळीचा आतला व्यास) आहे, सामान्य लायसन्सवर तो मिळत नाही. म्हणून इथे छोटं सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाणारं पिस्तूल) म्हणजे व्यवहारात .३२ बोर, म्हणजेच ७.६५ मिमी. लायसन्सवर 'पिस्तूल/रिव्हॉल्व्हर' असा प्रकार लिहिला आहे का, खरेदीची मुदत कधी संपते आणि गोळ्यांची मर्यादा किती आहे, या तीन गोष्टी दुकानाची पायरी चढण्याआधी पाहून घ्या. मुंबईत लायसन्स पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतं. शंका असली तर विक्रेत्याला विचारण्यापेक्षा तिथेच विचारा. शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात. घरात वारशाने आलेली बंदूक तुमच्या लायसन्सवर असेल तर ती या दोनांत धरली जाते.

खाजगी मालकाकडून थेट घेणार असाल तर त्याने विक्रीचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटलेले असावे लागतात. "कागद मागाहून करू" असं म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, ओळख कितीही जुनी असली तरी.

जास्तीचे पैसे कशाचे, हे समजून घ्या

सामान्य माणसासाठी परदेशी पिस्तुलांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्याआधी आलेली वॉल्थर, बेल्जियमची ब्राउनिंग १९१०, अमेरिकेची कोल्ट १९०३, इटलीची बेरेटा हीच आजही एका लायसन्सवरून दुसऱ्या लायसन्सवर जातात आणि काही लाखांत विकली जातात. ती चांगली पिस्तुलं आहेत यात वाद नाही. पण त्या किमतीतला मोठा वाटा टंचाईचा आणि नावाचा असतो. पीपीके १९३१ साली आलं. तुमच्या हातातलं पन्नास-सत्तर वर्षं वापरलेलं असू शकतं. म्हणून मॉडेलचं कौतुक बाजूला ठेवा आणि समोरचा नग तपासा.

हातात घेताना

मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून धरा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि मग करंगळीचं टोक घालूनही पाहा. दुकानदाराने आत्ताच रिकामं करून दाखवलं असलं तरी हे स्वतः करायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीने माणसं मेली आहेत. मॅगझिन बाहेर असताना ब्राउनिंग १९१० सुटत नाही, कारण त्यात तशी वेगळी सेफ्टी आहे. पीपीकेत ती नाही, चेंबरमधली गोळी तशीच सुटते. बहुतेक .३२ पीपीकेत गोळी चेंबरला असली की घोड्याच्या (मागच्या ठोका देणाऱ्या भागाच्या) वर एक बारीक पिन बाहेर येते. ती बोटाला लागते का पाहा, पण तिच्यावर विसंबू नका.

खुणा आणि क्रमांक

फ्रेमवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अंक-अंक जुळला पाहिजे. स्लाइडवर किंवा नळीवर वेगळा क्रमांक असेल तर कोणता भाग कधी बदलला, ते विचारा. आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा एका रेषेत नसलेले दिसले तर पिस्तूल खाली ठेवून निघून या. बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक नसलेलं शस्त्र विकणं शस्त्र अधिनियमाच्या कलम ८नुसार गुन्हा आहे. गावठी कट्ट्यावर 'मेड इन जर्मनी' कोरून विकणाऱ्यांना पोलीस वर्षानुवर्षं पकडत आले आहेत, त्यामुळे नुसत्या नावाच्या कोरीवकामाला काही अर्थ नाही. चाचणीचे शिक्के पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या उल्मला तपासलेल्या जर्मन पिस्तुलांवर हरणाच्या शिंगाचा छोटा शिक्का असतो. पन्नाशीच्या दशकात फ्रान्सच्या मान्युरिन कंपनीनेही परवान्याने पीपीके बनवली. ती खोटी नव्हेत, फक्त विकणाऱ्याने ती काय आहेत ते खरं सांगितलं पाहिजे.

गंज

मुंबईत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. समुद्राची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कुठलंही ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) खातो. कातडं ओल धरून ठेवतं, त्यामुळे होल्स्टरमध्ये ठेवलेलं शस्त्र उघड्यावर ठेवलेल्यापेक्षा लवकर बिघडतं. विक्रेत्याला मुठीच्या पट्ट्या किंवा आवरण काढायला सांगा. नकार मिळाला तर उत्तर मिळालं असं समजा. वरचा तांबूस थर तेलाने निघतो, त्याची काळजी नको. खड्डे मात्र कायमचे. आणि जुन्या पिस्तुलावर नवंकोरं काळं पॉलिश दिसलं तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा पाहा. त्या गोलसर झालेल्या असतील तर गंज घासून काढून वरून रंग चढवला आहे.

नळी आणि स्प्रिंग

पिस्तूल खोलून दाखवायला सांगा. पीपीकेत ट्रिगर गार्ड खाली ओढला की स्लाइड मागे नेऊन वर उचलता येते, मिनिटभराचं काम. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून प्रकाशात पाहा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा, सलग आणि धारदार दिसावेत. मध्येच गोल काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगली आहे. कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली गेली असणार. अशी नळी घेऊ नये, किंमत निम्मी केली तरी.

या पिस्तुलांत स्लाइड नळीला कुलूपबंद होत नाही. गोळी सुटताना मागचा दाब थोपवून धरायचं काम स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग करतात. ती स्प्रिंग थकली की स्लाइड फ्रेमवर आदळत राहते आणि एक दिवस बारीक तडा जातो. म्हणून स्लाइडच्या खिडकीचे (जिथून रिकामं काडतूस बाहेर पडतं तिचे) कोपरे आणि फ्रेमचे सांधे भिंगातून पाहा. दमदार स्प्रिंग ओढायला जड लागते, हा दोष नाही. पण काकांसारख्या साठी उलटलेल्या, संधिवात असलेल्या माणसाने दहा वेळा स्लाइड ओढून पाहावी. ओढवत नसेल तर ते पिस्तूल त्याच्या कामाचं नाही.

ट्रिगर आणि सेफ्टी

ही तपासणी विक्रेत्याच्या परवानगीने, डमी राउंड (दारू नसलेली नकली गोळी) घालून करा. पीपीकेचा पहिला चाप लांब आणि जड असतो, पाच-सहा किलोच्या आसपास. पुढचे हलके. हा फरक बोटाला झेपतो का पाहा. मग घोडा चढवून अंगठ्याने मागून मध्यम जोराने ढकला. तो पडता कामा नये. चाप दाबून धरलेला असतानाच स्लाइड ओढून सोडा. घोडा वरच राहिला पाहिजे, आणि चाप सोडून पुन्हा दाबल्यावरच पडला पाहिजे.

पीपीकेची सेफ्टी खाली केली की घोडा आपोआप पडतो, पण फायरिंग पिनला (गोळीवर आपटणाऱ्या सळईला) लागत नाही. निदान लागू नये. जुन्या पिस्तुलात हा भाग झिजलेला असू शकतो. डमी राउंड काढा, चेंबर पुन्हा पाहा, नळी वर करून तिच्यात पेन्सिल मागच्या रबराच्या बाजूने आत सोडा. सेफ्टीने घोडा पाडल्यावर पेन्सिल जागची हलू नये. सेफ्टी वर करून चाप दाबल्यावर मात्र टुणकन उडावी. इतकी साधी चाचणी, पण भरलेल्या पिस्तुलावरचा जीवघेणा दोष तिच्यात उघड होतो. त्यामुळे ती टाळू नका.

तुमचा हात

छोट्या मुठीवर मोठ्या पंजाची करंगळी खाली लोंबते. पीपीकेची स्लाइड मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधली कातडी चावते, अशी तक्रार मोठ्या हाताच्या लोकांची नेहमीची आहे. दुकानातच पक्की पकड घेऊन पाहा.

झाडून पाहणं

परवानगी असलेल्या रेंजवर, शस्त्राच्या परवानाधारकाच्या किंवा विक्रेत्याच्या उपस्थितीतच. जी गोळी तुम्हाला पुढे मिळणार आहे, तीच वापरा. लायसन्सवरचा कोटा मर्यादित असल्यामुळे शेकडो राउंड झाडणं शक्य नसतं, पण प्रत्येक मॅगझिन दोनदा पूर्ण भरून रिकामं करा. .३२च्या गोळीची मागची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली तर पिस्तूल तिथेच बंद पडतं. अडलं तर आधी मॅगझिन बदलून पाहा, पुष्कळदा दोष त्याच्या ओठांत (वरच्या वळलेल्या कडांत) किंवा स्प्रिंगमध्ये असतो. मूळ मॅगझिन एकच असेल तर मात्र किंमत पाडून मागा. दुसरं मिळवताना नाकी नऊ येतात.

नवं देशी पिस्तूल

पहिलंच शस्त्र घेणाऱ्याला मी सरकारी कारखान्याचं अशनी बघून यायला सांगतो. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत सुरू झालेलं हे .३२ पिस्तूल दिसायला वॉल्थरइतकं देखणं नाही, फिनिशिंगमध्ये नगानगात फरक पडतो, म्हणून तीन-चार नग मांडून त्यातलं निवडावं. पण कागद स्वच्छ, स्प्रिंग नवी आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त. काकांनी शेवटी तेच घेतलं. नावाची हौस त्यांना सोडावी लागली, आणि ती सोडणं त्यांना जड गेलं हेही खरं.

घरी आणल्यावर

पावती घेऊन ठरलेल्या मुदतीत शस्त्र तपासणीसाठी दाखवा, लायसन्सवर नोंद करून घ्या. नंतर कुलूपबंद तिजोरीत, गोळ्या वेगळ्या ठेवून. होल्स्टर तिजोरीबाहेर. पिस्तुलावर तेलाचा पातळ हात, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेल. वर्षातून एकदा तरी मुठीच्या पट्ट्या काढून आत बघा.