कुत्रं चावल्याची ऑनलाइन नोंद: या चुका टाळा

२०२४ साली देशात कुत्रं चावण्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४, असं उत्तर सरकारने लोकसभेत दिलं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पंधरा राज्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतून निघालेला अंदाज वेगळाच आहे: वर्षाला ९१ लाख प्राणीदंश, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त कुत्र्यांचे, आणि ५,७२६ मृत्यू. दंशांच्या आकड्यातला फरक समजू शकतो, सगळेच काही सरकारी दवाखान्यात येत नाहीत. पण मृत्यूंमध्ये शंभरपट फरक? लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजचा रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, म्हणजे ही माणसं बरी होऊन घरी गेली असंही म्हणता येत नाही. ती नोंदीतच हरवली आहेत.

एप्रिल २०२१ पासून देशभर आयएचआयपी हे रोगांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल आलं. त्याआधी आयडीएसपीचा (सरकारच्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा) आठवड्याचा पी फॉर्म असायचा. ‘कुत्रा चावणे’ या ओळीपुढे आठवड्याचा एक आकडा लिहिला की काम झालं. आता प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद होते. पोर्टल बदललं, पण एआरव्हीच्या (रेबीजविरोधी लसीच्या) खोलीतला हिशेब आजही व्हायलचाच, म्हणजे लसीच्या बाटल्यांचाच आहे: किती आल्या, किती फोडल्या, किती उरल्या. स्टोअरला तोच द्यावा लागतो, ऑडिटही त्याचंच होतं. साहजिकच रजिस्टर डोसचं असतं आणि त्यावरून पोर्टल भरलं जातं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. उदाहरणं पुण्याची आहेत, दवाखान्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

एक माणूस, चार केसेस

कातडीत लस देण्याच्या पद्धतीत रुग्ण ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी येतो. डाटा एंट्री ऑपरेटरसमोर संध्याकाळी दिवसभराचं रजिस्टर पडतं आणि तो प्रत्येक ओळ नवीन केस म्हणून चढवतो. त्याचा दोष नाही. ओळीवर ‘पहिली भेट’ असं कुणी लिहिलेलंच नसतं.

आपल्याकडे हे होतंय का, हे अर्ध्या तासात कळतं. दोन महिन्यांची लाइन लिस्ट (एका ओळीत एक नोंद अशी यादी) एक्सेलमध्ये काढा, मोबाइल नंबरप्रमाणे लावा आणि एकाच नंबरच्या लागोपाठच्या नोंदींमध्ये किती दिवसांचं अंतर आहे ते बघा. ३, ४, २१ हे आकडे पुन्हा पुन्हा दिसले तर त्या केसेस नाहीत, डोस आहेत. खासगी दवाखान्यात स्नायूत देतात, तिथे ०, ३, ७, १४, २८ असं वेळापत्रक असतं. मग अंतर ३, ४, ७, १४ असं पडतं.

हे दिसलं की हात लगेच एक्सेलच्या ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ या दुहेरी नोंदी काढणाऱ्या बटणाकडे जातो. तिथे थांबा. बांधकामाच्या साइटवर एका संध्याकाळी एकाच कुत्र्याने तीन मुलांना फोडलं. आईबापांकडे फोन नाही, म्हणून तिघांच्याही केसपेपरवर मुकादमाचा नंबर. बटण दाबलं की तिघांचं एक मूल होतं, आणि ज्या नोंदीवरून त्याच रात्री धावपळ व्हायला हवी होती ती यादीतून गायब. जुळवायचं तर मोबाइल, वय आणि चावल्याची तारीख ही तिन्ही एकत्र जुळवा. नावावर फार विसंबू नका. रोमनमध्ये टाइप करताना एकाच शेखची स्पेलिंगं तीन प्रकारांनी होतात.

उलट चूकही होते. एका ठिकाणी पहिला डोस, तिथे सिरम (जखमेत टोचायची रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) नाही म्हणून दुसरीकडे पाठवणी, आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा ‘नवीन केस’. ‘सुई कुठे सुरू केली?’ हा प्रश्न विचारून तिथल्या नोंदीचा नंबर शेऱ्यात टाकला की काम भागतं.

आणखी एक गोष्ट. पूर्वी कोर्स पूर्ण झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर ० आणि ३ हे दोनच डोस लागतात, सिरम लागत नाही. यादीत तो ‘दोन डोस घेऊन पळालेला’ दिसतो. आशाताईंना त्याच्या दारात पाठवण्याआधी ‘पूर्वी लस’ हा रकाना बघा. तो रिकामा असेल तर चूक रुग्णाची नाही.

तारखांचा घोळ

चावल्याची तारीख, दवाखान्यात आल्याची तारीख आणि पोर्टलवर चढवल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेख काढताना तिसरी वापरली तर दर सोमवारी कुत्रे पिसाळल्यासारखे दिसतात. मार्चअखेरीचा ढीग एका दिवशी चढवला तर त्याहून भारी.

एक्सेलमध्ये दिवस आणि महिना उलटतात, ही चूक जास्त छुपी असते. ५ ऑगस्टचं ८ मे होतं. १३ तारखेपासून पुढे तसा महिनाच नसल्यामुळे त्या तारखा उलटत नाहीत. म्हणून नजर टाकायची ती १ ते १२ या तारखांवर. चावल्याची तारीख भेटीच्या तारखेनंतरची, किंवा चावणं आणि भेट यांत महिन्यांचं अंतर, अशा नोंदी बहुधा त्याच गटातल्या निघतात. सरसकट दुरुस्त मात्र करू नका. तीन महिन्यांनी दवाखान्यात येणारी माणसंही असतात, आणि उशिरा आलेल्यालाही लस द्यायचीच असते.

पत्ता घराचा, चावा भलतीकडे

फॉर्ममध्ये रुग्णाचा राहण्याचा पत्ता लागतो. भोरचा माणूस स्वारगेट स्टँडवर चावा खाऊन घरी जातो; नकाशावर ठिपका भोरला पडतो आणि स्वारगेटचं कुत्रं मोकळं राहतं. रजिस्टरमध्ये ‘कुठे चावलं’ हा रकाना हाताने आखून घ्या आणि त्यात चौक, शाळा, मंदिर, सोसायटी असं काहीतरी ओळखीचं लिहा. नुसतं ‘पुणे’ लिहायचं असेल तर रकाना नसलेला बरा.

हद्दीचं दुखणं पुण्यात जरा जास्तच आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण लोक आजही गावाचंच नाव सांगतात आणि यादीत ते ग्रामीणमध्ये सापडतं, म्हणून ऑपरेटर तेच निवडतो. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, शेजारचं हिंजवडी ग्रामपंचायतीत. खडकी, देहूरोड आणि पुणे कॅन्टोन्मेंट आणखी वेगळे. कुत्र्याला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून हद्दीवरच्या केसेस दोन्हीकडे फोन करून कळवाव्यात. पोर्टल सांगेल या भरवशावर राहू नये.

प्राण्याचा अर्धा फॉर्म

सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. माणसाची माहिती भरून झाली की खाली प्राण्याचे रकाने येतात: कोणता प्राणी, पाळीव की भटका, लस झालेली का, आता कुठे आहे. तोवर रांग दारापर्यंत गेलेली असते.

पहिली चूक ड्रॉपडाउनची. यादीतला पहिला पर्याय आपोआप निवडलेला असेल तर तो सगळ्यांना लागू होतो. महिन्याभरात एकही मांजर, माकड, मुंगूस नाही? सगळी कुत्री ‘जिवंत’? मग कुणी काही विचारलेलंच नाही. तुमच्या दवाखान्याचा स्वतःचा फॉर्म असेल तर पहिला पर्याय कोरा ठेवा.

दुसरी चूक ‘पाळीव की भटकं’ या दोनच खणांची. पुण्यातली निम्मी भांडणं ज्यांच्यावरून होतात ती सोसायटीतली कुत्री या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना रोज खायला घालणारं कुणीतरी असतं, म्हणजे दहा दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवणारंही कुणी मिळू शकतं. ‘भटकं’ लिहिलं की ती शक्यता संपली. शेऱ्यात ‘खायला घालणारे आहेत’ एवढं लिहा.

तिसरी चूक कानाची. कानाला खाच दिसली की ‘लस झालेली’ असं लिहून मोकळे होतात. खाचेचा अर्थ एवढाच की नसबंदी कार्यक्रमात त्या कुत्र्याला कधीतरी पकडलं होतं आणि तेव्हा रेबीजची लसही दिली होती. ते गेल्या महिन्यात झालं की पाच वर्षांपूर्वी, हे खाच सांगत नाही, आणि लस तर वेळोवेळी पुन्हा द्यावी लागते. लसीचा पुरावा म्हणजे तारीख असलेलं कार्ड. नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. ते खरं उत्तर आहे. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी लस दिलेल्या कुत्र्यांची जागेसकट मोबाइलवर नोंद ठेवली, म्हणून तिथे कोणती गल्ली राहिली हे कळायचं. त्याची सर खाचेला यायची नाही.

आता दहा दिवसांचं निरीक्षण, म्हणजे चावलेला प्राणी दहा दिवस धड राहतो का हे बघणं. हे फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे, आणि ते लस सुरू करून करायचं, वाट बघत बसायचं नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. रुग्ण सातव्या दिवशी येतो, पुढची भेट थेट अठ्ठाविसाव्या. दहावा दिवस दोन भेटींच्या मधल्या खड्ड्यात पडतो आणि कुत्र्याचं पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही. यावर उपाय एकच: पहिल्याच भेटीत दहाव्या दिवसाची तारीख रजिस्टरवर लाल शाईने टाका आणि त्या दिवशी फोन करा. दोन मिनिटांचा फोन असतो. ‘कुत्रं आहे का? खातंय-पितंय का?’ एवढंच.

कुत्रं मेलं असेल तर तिथून पुढचं काम पशुवैद्यकीय विभागाचं, पण कळवायचं काम आपलं. तपासणीला मेंदू लागतो आणि तो ताजा लागतो: नमुना बर्फात ठेवून पाठवायचा, फॉर्मेलिनमध्ये नाही, नाहीतर फ्लुओरेसेंट अँटीबॉडीची नेहमीची चाचणी करता येत नाही. पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग औंधलाच आहे, तेव्हा पुण्याला लांबची सबब नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर दंशाच्या नोंदीचा नंबर लिहा. तो नसला की रिपोर्ट पशुवैद्यकाच्या फायलीत जातो आणि चावलेल्या माणसाला कुणी फोन करत नाही. आणि हो, पिसाळल्याचा संशय म्हणून कुत्र्याला मारायचं नाही. नियमाप्रमाणे त्याला वेगळं ठेवतात. रेबीज असेल तर ते बहुतेक दहा दिवसांच्या आत मरतंच. लोकांनी काठ्यांनी डोकं फोडलेल्या कुत्र्यात तपासायला काही उरत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी त्या जागेच्या आधीच्या पंधरा दिवसांच्या सगळ्या नोंदी काढायच्या आणि वस्तीत विचारायचं की आणखी कुणाला चावलं होतं का. ‘कुठे चावलं’ हा रकाना भरला असेल तरच हे जमतं. आयसीएमआरच्या त्याच पाहणीत कुत्रं चावलेल्या पाचांतल्या एकाने लसच घेतलेली नव्हती. हे लोक कुठल्याच पोर्टलवर नसतात, विचारल्याशिवाय सापडत नाहीत.

कॅटेगरी जखमेची, स्टॉकची नव्हे

रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडात गेलेली लाळ म्हणजे कॅटेगरी तीन. लसीबरोबर जखमेत सिरम लागतंच. सिरम संपलेलं असलं की काही ठिकाणी त्याच जखमा कॅटेगरी दोनमध्ये, म्हणजे सिरम न लागणाऱ्या गटात, जाऊन बसतात. कागद स्वच्छ दिसतो, पण सिरमची मागणी वर पोचतच नाही. ‘कॅटेगरी’ आणि ‘काय दिलं’ हे दोन रकाने वेगळे भरा. कॅटेगरी तीन आणि सिरम दिलेले यांचे आकडे दर आठवड्याला तंतोतंत जुळत असतील, तर शाबासकी देण्याआधी केसपेपर उघडून बघा. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं. तेवढ्या दिवसांत रुग्णाला परत बोलावता येतं, पण त्यासाठी नोंद खरी हवी.

नोंद न झालेले मृत्यू

रेबीजच्या रुग्णाला नातेवाईक अनेकदा घरी घेऊन जातात. डिस्चार्ज झाला की नोंद तिथेच थांबते. अशा प्रत्येक संशयिताची नोंद निदान पक्कं व्हायची वाट न बघता त्याच दिवशी व्हायला हवी आणि पुढे काय झालं हे फोन करून लिहायला हवं.

शिवाय सुमारे वीस टक्के रुग्णांत पाण्याची भीती वगैरे काही दिसत नाही. नुसता लुळेपणा चढत जातो. तो जीबीएससारखा (गिया-बारे सिंड्रोम, नसांच्या आजारासारखा) दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली, तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक डॉक्टरला हे नाव तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच प्रश्न राहून जाण्याचा धोका जास्त. लुळेपणाच्या प्रत्येक रुग्णाला प्राणी चावल्याचं विचारा, आणि ‘गेल्या आठवड्यात’ असं नको; गेल्या वर्षभरात असं विचारा. लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी येतात, कधी वर्षानेही.

राहिलेलं थोडं

शून्य केसेस आणि रिपोर्ट न येणं एकच नव्हे. न पाठवलेल्या दवाखान्याचा वॉर्ड नकाशावर हिरवागार दिसतो. त्याला वेगळा रंग द्या.

नाव, मोबाइल, पत्ता असलेली एक्सेल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ती सोसायटीच्या ग्रुपवर पोचते आणि कुत्र्यांना खायला घालणाऱ्या बाईंच्या विरोधात पुरावा म्हणून फिरते. मग पुढच्या वेळी ‘कुठे चावलं’ याचं खरं उत्तर कुणी देत नाही.

आणि आकडे अचानक वाढले, बातमीदारांचे फोन सुरू झाले, तर कुत्र्यांची संख्या वाढली असं सांगण्याआधी स्टोअरचं रजिस्टर मागवा. लसीचा नवा साठा कधी आला ती तारीख बघा. बरेचदा लस नव्हती म्हणून मेडिकलमधून आणून फॅमिली डॉक्टरकडे टोचून घेणारे लोक परत सरकारी रांगेत आलेले असतात.