फार्महाऊसच्या तळ्याचा मातीचा बांध : या चुका टाळा

मुळशी, मावळ, कर्जत पट्ट्यात हल्ली जमिनीबरोबर ‘प्रायव्हेट लेक’ हवं असतं. नाल्यावर चार-पाच मीटरचा मातीचा बांध घालायचा, दोन बोटी सोडायच्या, काठावर गझिबो. हौसेला मोल नाही, कबूल. पण त्या बांधाखाली कुणाची तरी भातखाचरं असतात, बऱ्याचदा एखादी वाडीही असते. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे, १० ते १५ मीटरमधली काही अटींवर त्यात येतात. तुमचा बांध त्यात बसत नाही. म्हणजे तपासायला कुणी साहेब येणार नाही, जे काय बघायचं ते तुम्हीच.

सांडव्याला जाळी ठोकणं

ही सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. रोहू-कटला सोडलेले असतात, पहिल्या पुरात ते खाली वाहून जातात, की लगेच मालक सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेच्या, तोंडावर आडवी जाळी मारतो. अशाच एका फार्महाऊसवरून जुलैतल्या एका रात्री केअरटेकरचा फोन आला, “साहेब, पाणी माथ्याला लागलंय, पण सांडव्यातून जातच नाही.” जाऊन बघतो तर कोंबडीजाळीवर सागाची पानं, फांद्या, वेफर्सच्या पिशव्या यांचा लगदा बसलेला आणि पलीकडे सांडवा जवळजवळ कोरडा. माथ्यावर जिथे जीप नेऊन नेऊन सखल झालं होतं, तिथून पाण्याची पातळ चादर मागच्या उतारावर उतरायला लागली होती. मातीचा बांध हे सहन करत नाही. मागच्या उतारावर घळ पडते, ती कापत कापत माथ्याकडे सरकते आणि एकदा का माथा कापला की पुढचं थांबवणं कुणाच्या हातात नसतं.

केअरटेकरचा पोरगा कोयता घेऊन सांडव्यात उतरायला निघाला होता. त्याला शिव्या घालून मागे घेतला. जाळी तुंबलेली असताना समोर उतरायचं नाही, ती सुटली की माणूस तिच्याबरोबर जातो. जाळीच्या काठावरच्या खांबाला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढला, तेव्हा कुठे पाणी वाट काढू लागलं. दुसऱ्या दिवशी मालकाचा पहिला प्रश्न होता, “मासे किती गेले?”

हा शहाणपणा जुनाच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला साउथ फोर्कचा मातीचा बांध धनिकांच्या शिकार-मासेमारी क्लबच्या मालकीचा होता. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा उतरवलेला, मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या, आणि तळातून पाणी सोडायचे नळ क्लबने घेण्याआधीच काढून विकलेले. ३१ मे १८८९ ला तो फुटला आणि जॉन्सटाउन व आसपास मिळून २,२०९ माणसं गेली.

मी जाळी सरळ काढायला लावतो. मत्स्यबीज पुन्हा मिळतं. मे महिन्यात माथ्यावर दोरी धरून बघा, सखल भाग मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून भरा. आणि बोटिंगसाठी पाणी फूटभर वाढावं म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचणारे असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. सरळ पोती उचलायला लावतो.

पाझर बुजवणं

मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते पाण्याचा रंग. मी गाडीत एक पारदर्शक बाटली ठेवतो. पायथ्याचं पाणी भरायचं, बॉनेटवर ठेवायचं, चहा होईपर्यंत थांबायचं. तळाला माती बसली तर बांध आतून पोखरला जातोय. तळ्याची पातळी तीच असून पाझर वाढला, तरीही तेच समजा.

अशा वेळी उतावळे लोक बाहेरून सिमेंट थापतात किंवा जेसीबीने चिकणमाती दाबतात. पाण्याचा दाब जात नाही, ते आत तुंबतं आणि दुसरीकडून फुटतं. योग्य क्रम असा : तळ्याची पातळी उतरवायला घ्या, आणि पाझराच्या तोंडावर आधी जाड वाळू, वर खडी, वर दगड असे थर टाका. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती अडवायची. पाणी गढूळ आणि वाढतं असेल तर आधी खालच्या वाडीला उठवा, मग वाळूचा ट्रक बोलवा.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. नंतर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं आणि महाराष्ट्र हसला. खेकडे, घुशी, साळिंदर बिळं पाडतात हे खरं. पण म्हणूनच तर बांधावरून चालत फिरायचं असतं. बिळं दिसली की उकरून, ओल्या मातीने थर देत ठोकून भरायची.

बांधावर झाडं

लँडस्केपवाल्याला बांध म्हणजे फुकटची टेकडी वाटते. गुलमोहर लावतो. वादळात झाड पडलं तर मुळांसकट बांधाचा लचका निघतो, आणि मोठं झालेलं तोडलं तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयते बोगदे मिळतात. फक्त गवत ठेवा आणि ते कापा, नाहीतर ओल दिसतच नाही. जुनं मोठं झाड असेल तर मात्र स्वतः कुऱ्हाड उचलू नका, जाणत्या इंजिनिअरला आणून दाखवा.

बाकीचं थोडक्यात

जेसीबीच्या बकेटने थोपटणं म्हणजे दबाई नव्हे. वीतभर जाडीचा थर, ओल नेमकी, मग रोलर. एका आठवड्यात बांध उभा करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

तयार बांध चिरून पीव्हीसी पाइप टाकू नका, पाइपच्या अंगानेच पाणी वाट काढतं. पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्याआधी तिथेही विमोचकाच्या, म्हणजे तळातून पाणी सोडायच्या वाटेच्या, वरचाच भराव खचत गेला होता.

काळ्या मातीच्या माथ्यावर उन्हाळ्यात पडलेल्या भेगा वरून माती लोटून झाकू नका. तळ लागेपर्यंत उकरा, मग भरा. भेग आडवी न जाता बांधाच्या लांबीने गेली असेल तर उतार घसरायला लागलेला असू शकतो, तिथे घरगुती उपाय नको.

आणि गाळ काढायची घाई म्हणून भरलेलं तळं दोन मोठे पंप लावून रातोरात उपसू नका. आतल्या उताराची माती अजून पाण्याने जड असते, समोरचा पाण्याचा आधार गेला की पिचिंगसकट, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांसकट, खाली बसते. दिवसाला वीतभर उतरवा, रोज सकाळी आतला उतार बघा, आणि हे काम जानेवारीतच सुरू करा.