क्वांटम असंगत हॉल परिणाम कसा मोजावा

चुंबकीय टोपोलॉजिकल इन्सुलेटरचा (आतून विद्युतरोधक, पण कडेने धारा वाहू देणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) हॉल रोध, म्हणजे धारेच्या आडव्या दिशेतील व्होल्टेज भागिले धारा, बाह्य चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही h/e² (h हा प्लांकचा स्थिरांक, e हा इलेक्ट्रॉनचा प्रभार), म्हणजे सुमारे २५,८१२.८ ओहम, या मूल्यावर स्थिरावू शकतो, हे २०१३ मध्ये क्रोमियम मिसळलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या पातळ थरात, सुमारे ३० मिलिकेल्विन तापमानाला, प्रथम दिसले; यालाच क्वांटम असंगत हॉल परिणाम म्हणतात. मात्र हॉल रोध या आकड्याजवळ पोहोचला एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. नमुन्याच्या कडेने एकाच दिशेने वाहणारी धारा खरोखर एकटीच वाहत असेल, तर अनुदैर्घ्य रोधही (धारेच्याच दिशेने मोजलेला रोध) शून्याकडे घसरला पाहिजे. म्हणून दोन्ही रोध एकाच वेळी मोजावेत.

धारा नॅनोअँपिअरच्या घरात ठेवावी. लॉक-इन अँप्लिफायरच्या (ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत मोजणाऱ्या उपकरणाच्या) एक व्होल्ट आउटपुटला १०० मेगाओहमचा रोधक एकसर जोडला की सुमारे दहा नॅनोअँपिअर धारा मिळते आणि नमुन्याच्या रोधामुळे तिच्यात फारसा फरक पडत नाही. त्यानंतर धारा निम्मी करून पुन्हा मोजावे. अनुदैर्घ्य रोध आणखी उतरला, तर आधीच्या धारेने इलेक्ट्रॉन तापत होते असे समजावे. तापमापक थंड दाखवतो म्हणून इलेक्ट्रॉनही तितकेच थंड असतील, असे गृहीत धरता येत नाही.

पुढची पायरी गेट व्होल्टेजची, म्हणजे नमुन्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलणाऱ्या व्होल्टेजची. फर्मी पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जा-पातळ्यांची वरची मर्यादा) पृष्ठभागाच्या ऊर्जा-अंतरात, म्हणजे पातळ्याच नसलेल्या पट्ट्यात, आली की अनुदैर्घ्य रोध खोल उतरतो आणि हॉल रोध सपाट होतो. हा सपाट पट्टा जितका रुंद, तितका नमुना विश्वासार्ह.

सर्वाधिक काळजी विश्लेषणात घ्यावी लागते. हॉल संपर्क अगदी समोरासमोर नसल्याने अनुदैर्घ्य रोधाचा अंश हॉल संकेतात मिसळतो. तो वगळण्यासाठी क्षेत्र वाढवतानाच्या शाखेवरील +B चे (B म्हणजे चुंबकीय क्षेत्र) मूल्य घेऊन त्यातून क्षेत्र घटवतानाच्या शाखेवरील −B चे मूल्य वजा करावे आणि येणाऱ्या फरकाचे अर्धे करावे. एकाच शाखेवरील +B आणि −B वापरल्यास चुंबकीकरणाची दिशा उलटलेली नसते, आणि हिस्टेरिसिसचा पाश (क्षेत्र वाढवताना व घटवताना मिळणाऱ्या वेगळ्या शाखांनी बनलेला) नेमका निग्राही क्षेत्राच्या (चुंबकीकरण उलटवणाऱ्या क्षेत्राच्या) आतल्या भागात, म्हणजे शून्य क्षेत्रालाही, विकृत होतो. शेवटी दोन्ही रोधकतांवरून वाहकता काढून तापमान घटेल तसा (हॉल वाहकता, अनुदैर्घ्य वाहकता) हा बिंदू (e²/h, ०) कडे सरकतो का, हे आलेखावर पाहावे.